वेलांटीचे पहारेकरी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पहाटे बातमी येते. बी विंगमधले आजोबा रात्री गेले. पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागते. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी लिहितं, ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. दोन मिनिटांत त्याखाली दुसरा संदेश उमटतो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि शेवटी एक तारका. गटातल्या निम्म्यांना वाटतं, यांनीही आजोबांना श्रद्धांजली वाहिली. उरलेल्यांना ठाऊक असतं की आजोबांशी याचा काडीचा संबंध नाही. ‘पु’चा ‘पू’ झाला, ‘ध्द’चा ‘द्ध’ झाला, गृहस्थ चहा प्यायला मोकळे झाले.

असा एक जण प्रत्येक गटात असतो, प्रत्येक कचेरीत असतो आणि नशीब फारच जोरावर असेल तर घरातही असतो. कधी तो निवृत्त मुख्याध्यापक असतो, कधी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला अधिकारी. कधी न्यू जर्सीत स्थायिक झालेला संगणकवाला, ज्याची मराठी तो विमानात बसला त्या दिवशीच थांबली आणि ज्याच्या मते बाकीच्यांचीही तिथेच थांबायला हवी होती. भरणा पुरुषांचा जास्त. पण एखाद्या निवृत्त शिक्षिका मैदानात उतरल्या की भलेभले मराठी सोडून इंग्रजीत टाइप करू लागतात.

या माणसांना हॉटेलात नेऊ नये. मेनू कार्ड हातात आलं की त्यांची भूक मरते. ‘थालिपिठ’, ‘साबुदाना खिचडी’, ‘कोथिंबिर वडी’. वेटर ऑर्डर घ्यायला उभा आणि हे त्याला समजावताहेत की कोथिंबीर या शब्दात ‘बी’ दीर्घ आहे. वेटर ओडिशाचा. तो अदबीने मान डोलावतो आणि आत जाऊन दोन प्लेट कोथिंबीर वडी सांगतो.

लग्नाची पत्रिका हे त्यांचं आवडतं वाचन. मुहूर्त, स्थळ, आहेर हे सगळं नंतर, आधी पेन. एका पत्रिकेवर नवरदेवाचं नाव ‘सुनिल’ असं छापलेलं होतं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी लग्नाला जाऊन, आहेर देऊन, थेट व्यासपीठावरच त्याला सांगितलं की अनिलमधला ‘नि’ ऱ्हस्व आणि सुनीलमधला ‘नी’ दीर्घ. अनिल म्हणजे वारा, सुनील म्हणजे गडद निळा. नवरदेवाचा थोरला भाऊ अनिल शेजारीच उभा होता, तो सुखावला. धाकट्याने आधार कार्डावर ‘सुनिल’च आहे असं सांगून पाहिलं. ‘आधार कार्ड हा व्याकरणाचा आधार नव्हे,’ असं उत्तर मिळालं. फोटोत नवरा गोंधळलेला दिसतो तो त्यामुळे. जुन्या काळच्या पत्रिकांत वधूवरांचा ‘शरीरसंबंध’ करण्याचे योजिले आहे, असं सरळ छापत आणि अख्खं गाव ते शांतपणे वाचून जेवायला येई. कुणाची हरकत नसे, कारण ऱ्हस्वदीर्घ बिनचूक असत.

या मंडळींची काही ठरलेली शिकार आहे. ‘महत्त्व’ आणि ‘तत्त्व’ यांतला जोड ‘त’ ज्याने गाळला तो गेला. ‘तज्ज्ञ’ लिहिताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांचाच अर्धा ‘ज’ गळतो. ‘पारंपारिक’ दिसलं की यांचा रक्तदाब वाढतो (परंपरा, म्हणून पारंपरिक). ‘आर्शिवाद’, ‘उज्वल’, ‘जेष्ठ नागरिक’. हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिलेल्या आजींच्या सोहळ्यात मागच्या फलकावर ‘सहस्त्रचंद्रदर्शन’ असतं, आणि सगळे आजींना ओवाळत असताना एक जण त्या जादा ‘त’कडे एकटक बघत असतो. ‘पुण्यतिथी साजरी’ झाल्याची बातमी वाचून संपादकांना पत्र जातं की साजरी जयंती होते, पुण्यतिथी पाळतात. यात ते बरोबर आहेत. अडचण तीच आहे. ते बहुतेक वेळा बरोबरच असतात.

‘दिन’ आणि ‘दीन’ यांचं प्रकरण मात्र मला इतकं साधं वाटत नाही. पाच सप्टेंबरला गावोगावच्या फळ्यांवर ‘शिक्षक दीन’ लिहिलेलं दिसतं. विनाअनुदानित शाळेत पंधरा वर्षं काढलेला शिक्षक त्या फळ्याखाली बसलेला असेल, तर ती वेलांटी दुरुस्त करायला माझा हात उचलत नाही.

ज्या नियमांसाठी हा सगळा आटापिटा चालतो ते आकाशातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. आज जे अठरा नियम आपण शुद्धलेखन म्हणून पाळतो, ते हे. त्याआधी शिकलेला मराठी माणूस ‘कांहीं’ लिहीत होता, ‘नाहीं’ लिहीत होता, ‘घरीं’, ‘दारीं’ असे अनुस्वार देत होता आणि ते न देणाऱ्याला अडाणी समजत होता. नियम बदलले आणि देणारा जुनाट ठरला. ‘कवि’ होता तो ‘कवी’ झाला. कवितेत काही फरक पडला नाही.

नियम वाचायला सोपे आहेत, पाळायला बसलं की घाम फुटतो. ‘तूप’ लिहिताना ‘तू’ दीर्घ. विभक्ती लागली की तो ऱ्हस्व होतो: तुपात, तुपाने. मग ‘रूप’? तेही दीर्घ, पण विभक्ती लागली तरी ते जागचं हलत नाही: रूपात, रूपाने. कारण रूप संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, तत्सम. तूप आपल्या घरचं. ‘गुण’ ऱ्हस्व, कारण तत्सम. ‘खूण’ दीर्घ, कारण तसा नाही. म्हणजे उकार देण्याआधी स्थळ बघायला आल्यासारखं शब्दाचं कूळ विचारायचं. ज्या पोरांच्या घरी सात पिढ्यांत संस्कृत शिरलं नाही, त्यांनी हे कूळ कसं ओळखायचं, याचं उत्तर अठरा नियमांत कुठेच नाही. दिलेलं आहे ते एवढंच, की त्यांचे मार्क कापावेत.

आणि पुस्तकाच्या शेवटी जोडलेलं ‘शुद्धीपत्र’ हा तर पहारेकऱ्यांचा सणच. समासातलं पहिलं पद तत्सम आणि मुळात ऱ्हस्व असेल तर ते ऱ्हस्वच राहतं, म्हणून ‘शुद्धिपत्र’. चुका कबूल करायला घेतलेल्या पानाच्या शीर्षकातच चूक सापडली की हा माणूस आठवडाभर प्रसन्न असतो.

मराठीचं लेखन प्रत्यक्षात कुठे ठरतं हे पाहायचं तर शाळेत जाऊन उपयोग नाही, फ्लेक्सच्या दुकानात जायला हवं. पुण्याच्या उपनगरातलं असं एक दुकान. मशीन सरकत सरकत एका तरुण नेत्याचा चेहरा छापत होतं. कपाळ आणि गॉगल झाला होता, मिशी यायची होती. आत संगणकासमोर बीड जिल्ह्यातून आलेला एक मुलगा, वय बावीस-तेवीस, कोरलमध्ये अक्षरं ओढत बसलेला. मॅटर कोण लिहून देतं, असं विचारल्यावर तो हसला आणि त्याने मोबाइल पुढे केला. मॅटर लिहून कुणीच देत नाही. ते व्हॉइस नोटवर येतं. ‘वर घे, कार्यसम्राट, जनसामान्यांचा आधारवड. खाली आपली सगळी पोरं घे. मागच्या वेळची फाइल आहे ना, तीच. अन् संध्याकाळी चौकात लागला पाहिजे.’

म्हणजे चौकाचौकांत जे मराठी झळकतं, त्याचे ऱ्हस्वदीर्घ या मुलाच्या बोटांवर आहेत. त्याला ते ठाऊक आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. ‘काका, वेलांटी चुकली म्हणून गिऱ्हाईक आजवर कधी भांडायला आलेलं नाही. फोटो चुकला तर दुकान फोडतील.’

मग त्याने मला फोटोंचं व्याकरण शिकवलं. पक्षाचे दिवंगत नेते सगळ्यांत वर, आकाराने लहान पण ढगांत. त्याखाली राज्य पातळीवरचे. ज्याचा वाढदिवस तो मधोमध, शक्यतो चालत येताना. आमदारांचा फोटो नगरसेवकापेक्षा लहान झालेला चालत नाही. एकाच पक्षातल्या दोन गटांचे दोन साहेब असतील तर दोघे एकाच मापाचे, एकाच उंचीवर, पट्टी लावून. शुभेच्छुकांच्या रांगेत नाव आधी कुणाचं यावरून रात्री एकला फोन येतात. या व्याकरणाला अपवाद नाहीत, विकल्प नाहीत. ते मोडलं तर तारका लावून भागत नाही, नवा फ्लेक्स स्वतःच्या खर्चाने छापून द्यावा लागतो. अठरा नियमांना यातला दहावा हिस्सा धाक असता तर महाराष्ट्र एव्हाना संपूर्ण शुद्ध झाला असता.

नेत्याच्या नावाआधीचं ‘मा.’ हे त्या व्याकरणातलं सर्वांत गोड अक्षर. ते माननीयाचंही असतं आणि माजीचंही. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, कारभार प्रशासकाकडे गेला, पुढे बराच काळ निवडणूक झाली नाही. शहरातले झाडून सगळे नगरसेवक एका रात्रीत माजी झाले. फ्लेक्सवर काहीही बदलावं लागलं नाही.

याच दुकानात एक निवृत्त शिक्षक नेमाने येतात. मोबाइलमध्ये आठवडाभर टिपलेल्या फलकांचे फोटो घेऊन. सुरुवातीला हा मुलगा त्यांना टाळायचा. मग एकदा त्यांनी भांडण सोडून वेगळीच युक्ती केली. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘तुझी मूळ फाइल उघड.’ त्या फाइलीत ‘शुभेच्छूक’ होतं. प्रत्येक नवा फ्लेक्स त्याच फाइलीची नक्कल करून बनत असल्याने वॉर्डातल्या प्रत्येक चौकात ‘शुभेच्छूक’ होतं. सरांनी ‘च्छु’ ऱ्हस्व करून घेतला, ‘हार्दीक’चा ‘हार्दिक’ केला, फाइल जतन करायला लावली आणि चहा पिऊन घरी गेले. तेव्हापासून त्या वॉर्डात सगळे शुभेच्छुक ऱ्हस्व आहेत. मी या विषयावर भेटलेल्या लोकांपैकी काहीतरी दुरुस्त झालं असं दाखवू शकणारा हा एकटा माणूस, आणि त्याने ते गटावर कुणाला सांगितलंही नाही. मुलाने सांगितलं म्हणून कळलं.

इंग्लंडात हा रोग वेगळ्या जागी उठतो. तिथे ॲपॉस्ट्रॉफी नावाच्या चिन्हावरून माणसं वेडी होतात. ब्रिस्टल शहरातला एक इसम वर्षानुवर्षं रात्री बाहेर पडून, लांब दांडीचं स्वतः बनवलेलं अवजार घेऊन, दुकानांच्या पाट्यांवरचे चुकीचे ॲपॉस्ट्रॉफी झाकत आणि राहून गेलेले चिकटवत फिरत होता. २०१७ साली बीबीसीने त्याची गोष्ट सांगितली, नाव मात्र गुप्त ठेवलं. आपल्याकडे हे जमायचं नाही. जादा अनुस्वार झाकायला रात्री चौकात शिडी लावली, तर फ्लेक्सवरच्या साहेबांचे कार्यकर्ते पोलिसांच्या आधी पोहोचतील.

दुसऱ्याचं मराठी नीट करण्याची हौस तशी आपल्याकडे जुनी. समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसं काढावं, ओळी कशा राखाव्यात, सगळं सांगितलं. त्याच्याही आधी, शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. तीनशे वर्षं हाताने नकला होत आलेल्या त्या ग्रंथात लेखनिकांच्या किती चुका आणि किती हौशी कवींच्या ओव्या घुसल्या असतील, कल्पना करा. नाथ स्वतः केवढे कवी! तरी त्यांनी मधे आपली ओवी घातली नाही. काम केल्याची नोंद शेवटी करून ठेवली आणि बाजूला झाले.

एकोणिसाव्या शतकात हे काम एका इंग्रजाकडे गेलं. मेजर थॉमस कँडी हे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातले सहकारी. शाळांसाठी तयार होणारी मराठी पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जात. मराठीला विरामचिन्हांची सवय लावण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. जन्मभर मराठी बोललेले शास्त्री खाली बसले आहेत आणि साहेब त्यांच्या मराठीवर रेघा ओढतो आहे. त्या अपमानाचं पुढे काय झालं असावं, याचा मला एक अंदाज आहे: तो वरून खाली सरकत गेला.

कारण १८७३ साली जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ आलं आणि १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. मालेत जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेताना शास्त्रीबुवांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांच्या दास्याची कैफियत, दुसऱ्या बाजूला ‘तुमचं व्याकरण कच्चं’ हे उत्तर. पहारेकऱ्याचा सगळा स्वभाव या एका प्रसंगात आहे. मुद्द्याला भिडायचं नसलं की वेलांटीला हात घालायचा. गंमत अशी की आजचे अठरा नियम लावून बसलं, तर खुद्द निबंधमालेच्या पानांवर शाई पुरणार नाही. ओळीओळीला अनुस्वार आहेत.

विसाव्या शतकात सावरकरांनी इ, ई, उ, ऊ या अक्षरांनाच रजा देऊन ‘अ’ला वेलांटी आणि उकार लावायची सुधारणा मांडली. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती लिपी काही काळ चालवूनही दाखवली. रद्दीत ते जुने अंक मिळतात, ‘अितिहास’ असा शब्द समोर येतो आणि आजचा पहारेकरी छपाईचा दोष समजून पेन शोधू लागतो. २००९ साली शासनाने ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ शेंडीचा लिहायचा निर्णय काढला, तेव्हापासून अक्षराच्या शेंडीवरून मजकुराची लायकी ठरवणारीही एक शाखा निघाली आहे. तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही. ते लोक चिवट असतात.

इथवर सगळं गमतीचं. लिहिण्याची दुरुस्ती निदान कुठल्यातरी नियमात बसते. बोलण्याची दुरुस्ती सुरू झाली की माझं हसू थांबतं.

पुण्यातल्या एका ग्रंथालयाच्या खिडकीशी पाहिलेला प्रसंग. लातूरकडून शिकायला आलेली मुलगी ग्रंथपालांना म्हणाली, ‘सर, मला ते पुस्तक भेटलं नाही.’ ग्रंथपालांना कळलं, ते कपाटाकडे वळलेही. रांगेत मागे उभा असलेला तिच्याच वयाचा मुलगा हसत म्हणाला, ‘पुस्तक भेटत नाही गं, मिळतं. भेटतात ती माणसं.’ रांगेतले आणखी दोघे हसले. मुलगी काही बोलली नाही. ग्रंथपाल पुस्तक घेऊन आले तेव्हा तिने ‘थँक यू’ म्हटलं. ‘भेटलं’ हा शब्द मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे लाखो माणसं रोज वापरतात, त्यांना पुस्तकंही भेटतात आणि माणसंही. नागपूरचा माणूस ‘येऊन राहिलो’ म्हणतो आणि वेळेवर येतो. मुंबईचा ‘मी गेलेलो’ म्हणतो. यातला एकही चुकत नाही. तो आपल्या गावचं मराठी बोलतो.

‘न’ आणि ‘ण’ यांचं तर हत्यारच झालं आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्याची नक्कल करून बैठकी रंगतात. ही नक्कल करणारे ‘ष’ कसा उच्चारतात ते एकदा ऐका. ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक आता पेठांतही कुणी करत नाही. षट्कोन सगळेच ‘शट्कोन’ म्हणतात आणि सुखाने भूमिती शिकतात. म्हणजे एक अक्षर सगळ्यांनी मिळून हरवलं तेव्हा ते भाषेचं वळण ठरलं आणि दुसरं काहींनीच हरवलं तेव्हा त्यांचं अडाणीपण ठरलं. बोलण्याच्या शुद्धीचा हिशोब असा जातीजातीने लागतो, आणि तो लावणाऱ्याला आपण भाषेची सेवा करतो आहोत असं मनापासून वाटत असतं.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली म्हणून राहिली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने छापली गेली. शेतातल्या त्या बोलीत ‘भेटतं’चं ‘मिळतं’ करणारा कुणी आधी पोहोचला नाही, हे आपलं भाग्य. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर. मराठी नाटकाला नवी भाषा देणारा माणूस. या कवितेतले किती शब्द आपल्याला माहीत नाहीत, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मांडलं. त्याच वर्षी शुद्धलेखनाचे ते चार जादा नियमही आले होते. ते चार कोणते, हे पहारेकऱ्यांपैकीही थोड्यांनाच सांगता येईल.

एका वेलांटीने खरोखर नुकसान होतं अशी जागा हवी असेल तर तलाठ्याच्या दप्तरात आहे. सातबाऱ्यावर नाव एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. शेतकरी एकच. अनुदान अडकतं, वारसनोंद अडकते. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करायचा, पुरावे जोडायचे, हेलपाटे घालायचे. त्या रांगेत उभ्या असलेल्या आजीला अर्ज लिहून द्यायला गटावरच्या तारकाधारींपैकी कुणी आल्याचं तिथल्या कोतवालाला आठवत नव्हतं.

ज्यांना हे शास्त्र खरोखर येतं, त्यांची तऱ्हा वेगळी असते. मो. रा. वाळंब्यांच्या व्याकरणावर स्पर्धा परीक्षांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. अरुण फडके यांनी ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ नावाची चिमुकली पुस्तिका केली, कारण लोकांना नियम पाठ होत नाहीत हे त्यांनी मान्य केलं होतं. कोश जवळ ठेवा आणि बघून लिहा, एवढंच. यास्मिन शेख यांचा जन्म १९२५चा, ज्यू कुटुंबातला. लग्नानंतर त्या शेख झाल्या, आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवलं, ‘मराठी शब्दलेखनकोश’ सिद्ध केला, आणि ‘अंतर्नाद’ मासिकात व्याकरण-सल्लागार म्हणून त्यांचं नाव छापलं जाई. मराठीची शुद्धता ही आपली वडिलार्जित इस्टेट आहे असं समजणाऱ्यांनी या परिच्छेदातलं ते नाव कृपया पुन्हा एकदा वाचावं.

आणि मग मुद्रितशोधक. पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर असे एक गृहस्थ बसतात. खिळ्यांच्या छापखान्यात उमेदवारी केली, नंतर डीटीपी आलं, आता पीडीएफ येतात. हे अजूनही छापील प्रूफ मागतात. गणपती उठले की त्यांचा हंगाम सुरू. दिवाळी अंकांची प्रूफं पितृपक्षापासून येऊ लागतात आणि नवरात्रात रात्रीचे दोन वाजतात. पैसे पानामागे. कथा असो, लेख असो, वास्तुशास्त्राची जाहिरात असो, दर तोच.

त्यांच्या टेबलावर दोन पेनं आणि एक पेन्सिल असते. चूक आहे याची खात्री असेल तिथे लाल पेन. शंका असेल तिथे समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह, लेखकासाठी. निळं पेन कशाला, असं विचारलं तर म्हणाले, ‘ते स्वतःची चूक झाली तर खोडायला.’ एका ग्रामीण कथेचं प्रूफ समोर होतं. पात्राच्या तोंडी ‘म्या न्हाई गेलो’ होतं आणि निवेदनात ‘तो निघुन गेला’. ‘निघुन’वर त्यांनी लाल खूण केली, ‘ऊन’ दीर्घ. ‘न्हाई’ला हातही लावला नाही. ‘लेखकाची चूक कुठली आणि पात्राचं तोंड कुठलं, हे ओळखता आलं पाहिजे. नवीन पोरं ‘न्हाई’चं ‘नाही’ करून टाकतात आणि मग लेखक मला फोन करतो.’

घरी, दारी, लग्नात कुणाचं मराठी दुरुस्त करता का, असं विचारल्यावर ते बराच वेळ हसले. ‘बायको वाण्याच्या यादीत ‘शेंगदाने’ लिहिते. मी शेंगदाणे आणतो. पानामागे पैसे घेतो साहेब, फुकट कशाला करू?’

त्यांनी वाचलेल्या डझनभर अंकांपैकी फार थोड्यांत त्यांचं नाव छापलं जातं. संपादक, कार्यकारी संपादक, मुखपृष्ठ, सुलेखन, मांडणी, जाहिरात, वितरण, विशेष आभार, सगळे असतात. तेव्हा या दिवाळीत हाती आलेल्या प्रत्येक अंकाची श्रेयनामावली जरा बघा. ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे कुणाचं नाव नसेल तर संपादकांना दोन ओळींचं पत्र टाका आणि ते का नाही, एवढंच विचारा. पत्रात ऱ्हस्वदीर्घ चुकले तरी चालतील.